हजाराच्या नोटेवरचे आजोबा आणि घडता घडता राहिलेलं ऑस्ट्रिया

वाईचा_वाटसरू

प्रागमध्ये येऊन सहावं वर्ष चालू आहे. घरमालकीणबाई पंचाहत्तरीच्या. बँकेवर काडीचा विश्वास नाही, भाडं रोख लागतं. त्यामुळे दर महिन्याच्या १ तारखेला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हजार-हजार कोरुनांच्या नोटा मोजायचा कार्यक्रम असतो. मागच्या महिन्यात गड्डीत चुकून ५ हजारांची एक नोट आली. बाईंनी ती हजाराच्या नोटेशेजारी ठेवली, दोन्हींवरचे म्हातारे निरखले आणि म्हणाल्या, "ह्यांनी ऑस्ट्रिया वाचवायला बघितलं, ह्यांनी मोडलं. मोडणाऱ्याची किंमत पाचपट."

हजारावर आहेत फ्रांतिशेक पालात्स्की, ५ हजारांवर तोमाश मासारिक. आणि बाईंचं 'ऑस्ट्रिया' म्हणजे आजचा छोटा देश नव्हे, व्हिएन्नाहून चालणारं हाब्सबुर्ग घराण्याचं जुनं बहुभाषिक साम्राज्य. चेक मुलूख त्यातच होता. मासारिक हे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, एवढं मला ठाऊक होतं. पालात्स्की म्हणजे नदीकाठच्या एका मोठ्या पुतळ्याचं आणि मेट्रो स्टेशनच्या उतरायच्या बाजूचं नाव, बस. बाईंच्या त्या वाक्यानंतर महिनाभर वाचत बसलो, म्हणून हा धागा.

पालात्स्कींचा जन्म १७९८ चा, मोराव्हियातल्या (आजच्या चेक देशाचा पूर्वेकडचा भाग) होद्स्लाव्हित्से गावचा. पेशा इतिहासकाराचा. चेक लोकांचा इतिहास त्यांनी लिहायला घेतला तो आधी जर्मनमध्ये. पहिला खंड १८३६ चा, आणि चेक भाषेतला पहिला खंड थेट १८४८ सालचा. शिकलेल्या चेक माणसाचं कागदावरचं आयुष्य तेव्हा जर्मनमध्येच चालायचं. चेक ही शेताची, चुलीची आणि मोलकरणीची भाषा.

१८४८ च्या वसंतात युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला. फ्रांकफुर्टमध्ये जर्मन पुढारी जमले आणि सगळ्या जर्मनांचं एक राष्ट्र उभारायच्या तयारीला लागले. बोहेमिया (प्रागभोवतीचा चेक मुलूख) त्यात धरलेलाच होता, कारण शेकडो वर्षं तो जुन्या जर्मन साम्राज्यात मोडत आलेला. त्यांनी पालात्स्कींना आमंत्रण धाडलं. ११ एप्रिलला पालात्स्कींनी उत्तर पाठवलं, त्याचा आशय असा: मी जर्मन नाही, मी स्लाव वंशाचा चेक आहे, तेव्हा तुमच्या सभेत माझं काम नाही. (स्लाव म्हणजे चेक, पोल, रशियन, सर्ब अशा जवळच्या भाषा बोलणारे लोक.) पुढचा मुद्दा जास्त चमत्कारिक. ऑस्ट्रियाचं राज्य मुळात नसतंच, तर युरोपच्या आणि माणुसकीच्या भल्यासाठी ते घाईघाईने निर्माण करावं लागलं असतं, असं त्यांनी लिहिलं.

हे लिहिणारा माणूस दरबारी भाट नव्हता. त्याचा हिशोब सरळ होता. एका अंगाला रशियाचा झार, दुसऱ्या अंगाला एक होऊ घातलेला जर्मनी. मधल्या पट्ट्यात चेक, स्लोव्हाक, पोल, स्लोव्हेन, क्रोएट, सर्ब, शिवाय हंगेरियन आणि रुमानियन. एकेकटा कुणीही टिकायचा नाही. सगळ्यांनी एका छपराखाली राहावं, पण छपराखाली खोल्या सारख्या मापाच्या हव्यात. म्हणजे संघराज्य: सम्राट एक, फौज एक, परराष्ट्रखातं एक, आणि शाळा, कचेऱ्या, कायदे ज्याचे त्याने बघायचे. ह्या विचाराला 'ऑस्ट्रोस्लाववाद' असं नाव पडलं.

त्याच जूनमध्ये प्रागच्या झोफिन बेटावर स्लाव परिषद भरली. तीनशेवर प्रतिनिधी. काम तीन शाखांत: चेक-स्लोव्हाक, पोलिश-रुथेनियन आणि दक्षिण स्लाव. (आज ज्यांना आपण युक्रेनियन म्हणतो, त्यांना ऑस्ट्रियात रुथेनियन म्हणत.) अराजकवादी म्हणून पुढे गाजलेला बाकुनिनही तिथे हजर. १२ जूनला शहरात दंगल उसळली. लष्करप्रमुख विंडिशग्रेट्सची बायको खिडकीपाशी उभी असताना गोळी लागून गेली. मग त्याने प्रागवर तोफा डागल्या, पाच दिवसांत शहर शरण आलं आणि परिषद आटोपली. गंमत अशी, की परिषदेतल्या बहुतेकांना साम्राज्य टिकवायचंच होतं. त्यांच्यावर तोफा चालल्या त्या साम्राज्याच्या.

आता तीच नोट उलटी करा. मागे मोराव्हियातल्या क्रोम्येर्झीश गावचा आर्चबिशपचा वाडा आहे. व्हिएन्नातल्या ऑक्टोबरच्या उठावानंतर नवी संसद इथे हलवली होती. १८४८-४९ च्या अख्ख्या हिवाळ्यात चेक, जर्मन, पोल, स्लोव्हेन, सगळ्यांनी एकत्र बसून राज्यघटना लिहिली. एकमेकांच्या नावाने बोटं मोडत का होईना, लिहिली. ७ मार्च १८४९ ला सकाळी सदस्य वाड्यावर आले तर दारात शिपाई. संसद बरखास्त, घटना रद्दीत. सम्राट फ्रान्झ योझेफ तेव्हा १८ वर्षांचा होता आणि सरकारने आपली वेगळी घटना आधीच तयार ठेवली होती.

तर नोटेच्या एका बाजूला ऑस्ट्रिया वाचवू बघणारा माणूस, आणि दुसऱ्या बाजूला जिथे ते जमता जमता राहिलं ती जागा. ही नोट ठरवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. बाकीचं प्रतिसादांत.

खडीसाखर

मस्त लिहिलंय. पण एक कळत नाही. तोफा खाऊनही हे लोक सम्राटाकडेच अर्ज करत राहिले? सरळ स्वातंत्र्य का नाही मागितलं? आपल्याकडच्या मवाळांसारखंच वाटतं हे. अर्ज, विनंत्या, शिष्टमंडळं.

वाईचा_वाटसरू

@खडीसाखर, मवाळ-जहाल माझ्याही डोक्यात आलं होतं, पण ते फार ताणता येत नाही. आपला राज्यकर्ता सात समुद्रापलीकडचा. तो गेला की प्रश्न मिटतो, अशी निदान आशा तरी होती. चेकांचे जर्मन शेजारी त्याच बोहेमियात राहत होते, लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. सम्राट गेला तरी ते कुठे जाणार होते?

शिवाय रशियाची भीती पुस्तकी नव्हती. कारेल हाव्लिचेक नावाचा तरुण १८४३ मध्ये मॉस्कोला घरशिक्षक म्हणून गेला. थोरला स्लाव भाऊ म्हणून रशियाच्या प्रेमात पडून गेलेला. वर्ष-दीड वर्ष झारशाही जवळून पाहिली आणि परत आला तो नुसता चेक होऊन. 'स्लाव' शब्दाचं त्याला अजीर्णच झालं. १८४६ मध्ये त्याने वृत्तपत्रात लेखमाला लिहून स्वच्छ सांगितलं, की स्लाव हे एक राष्ट्र नव्हेच, ही चार वेगवेगळी राष्ट्रं आहेत आणि चेकांचं हित ऑस्ट्रियात आहे. बक्षीस काय? डिसेंबर १८५१ मध्ये पोलिसांनी त्याला रातोरात उचलून टायरॉलमधल्या ब्रिक्सेनला नेऊन ठेवलं. १८५५ मध्ये सुटून परत येतो तर बायको क्षयाने गेलेली. पुढच्या वर्षी हाही त्याच रोगाने गेला, वय ३४. शवपेटीवर बोझेना न्येम्त्सोव्हा ह्या लेखिकेने काट्यांचा मुकुट ठेवला असं सांगतात. त्या बाई ५०० च्या नोटेवर आहेत. (हो, मी हल्ली प्रत्येक नोट वाचतो.)

पालात्स्कींचीही श्रद्धा हळूहळू विटत गेली. १८६५ मध्ये त्यांनी लिहिलं, "आम्ही ऑस्ट्रियाच्या आधी होतो, त्याच्यानंतरही असू." त्याच ऑस्ट्रियाच्या गरजेवर १७ वर्षांपूर्वी पत्र लिहिणारा हा माणूस! १८६७ मध्ये हंगेरीला अर्धं राज्य मिळालं आणि चेकांच्या हाती काही आलं नाही, तेव्हा रागाच्या भरात ते स्वतः मॉस्कोच्या स्लाव प्रदर्शनाला जाऊन आले. ज्या झाराच्या धास्तीने ऑस्ट्रिया हवं होतं, त्याच झाराच्या दारात.

सांडगी_मिरची

रुसून माहेरी जाणं म्हणतात त्याला. :)

मास्तर६२

धागा आवडला, पण एक गाठ सोडवल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून जरा फळ्यापाशी येतो.

स्वायत्तता मागायला आधार दोन होते आणि दोन्ही एकमेकांच्या मुळावर उठणारे. एक म्हणजे ऐतिहासिक हक्क. बोहेमियाचं राज्य जुनं, त्याचा मुकुट जुना, बोहेमिया, मोराव्हिया आणि सिलेशिया ही त्या मुकुटाची मुलुखं, तेव्हा तो अखंड मुलूख आमचा. दुसरा म्हणजे नैसर्गिक हक्क. जिथे चेक राहतात ते चेकांचं, जिथे जर्मन राहतात ते जर्मनांचं. पहिला धरला तर लाखो जर्मन तुमच्या राज्यात कोंडले जातात आणि स्लोव्हाक बाहेर राहतात, कारण ते हंगेरीत. दुसरा धरला तर स्लोव्हाक जवळ येतात, पण बोहेमियाचे डोंगराकडचे कारखानदार जिल्हे हातचे जातात.

क्रोम्येर्झीशला पालात्स्कींनी दुसरा पर्याय मांडून पाहिला. साम्राज्याचे भाषेवार आठ गट पाडा म्हणाले. आपल्याच बोहेमियाचा लचका तोडायची तयारी दाखवणारा पुढारी विरळा. ते कुणीच उचललं नाही. नंतर चेक पुढाऱ्यांनी पहिला पर्याय धरला, कारण वकिलीला तो सोपा. जुने कागद दाखवता येतात.

त्याचा कडेलोट १८७१ चा. व्हिएन्नात होहेनवार्टचं सरकार आलं आणि चेकांशी खरीखुरी बोलणी झाली. १२ सप्टेंबरला सम्राटाने लेखी कळवलं, की बोहेमियाच्या राज्याचे हक्क मान्य, आणि राज्याभिषेकाची शपथ घेऊन ते पक्के करू. मुकुट तर १८६७ मध्येच व्हिएन्नाहून प्रागला परत आला होता. फक्त डोकं यायचं बाकी. पण जर्मन खवळले, आणि हंगेरीचा पंतप्रधान आंद्राशी म्हणाला असणार की दोघांच्या वाटणीत तिसरा कशाला. ऑक्टोबरात सगळं मागे. फ्रान्झ योझेफ १९१६ पर्यंत जगला, पण प्रागमध्ये त्याचा राज्याभिषेक कधीच झाला नाही.

माझ्या मते ऑस्ट्रोस्लाववाद मेला तो इथे. १९१८ मध्ये नुसती तिरडी उचलली.

नाणेघाट

नोटांचा विषय निघाला आणि मी गप्प बसू? माझ्याकडे ऑस्ट्रिया-हंगेरीची २० क्रोनांची एक नोट आहे, शनिवारवाड्याजवळच्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडून घेतलेली. एका बाजूला जर्मन, आणि तिच्या कडेला तीच रक्कम बारीक अक्षरांत आणखी आठ भाषांत: चेक, पोलिश, रुथेनियन, इटालियन, स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन, रुमानियन. आपल्या नोटेच्या मागे पंधरा भाषांची उतरंड असते ना, अगदी तसंच. नोट उलटवली की सगळं हंगेरियन. फक्त हंगेरियन. दुसरी एकही भाषा नाही.

भिंग घेऊन शोधलं. स्लोव्हाक कुठेच नाही.

मास्तर६२

@नाणेघाट, तुमच्या नोटेने माझा एक तास वाचवला. १८६७ नंतर स्लाव दोन वेगळ्या घरांत अडकले. ऑस्ट्रियाच्या बाजूला भांडता तरी येत होतं. हंगेरीच्या बाजूला स्लोव्हाकांची मातित्सा ही सांस्कृतिक संस्था १८७५ मध्ये बंद केली, त्यांच्या तिन्ही माध्यमिक शाळांना टाळी लागली. १९०७ मध्ये चेर्नोव्हा गावचे लोक अडून बसले, की चर्चचं उद्घाटन आमच्या गावचा पाद्री करील. शिपायांनी गोळ्या झाडल्या, १५ माणसं गेली.

क्रोएटांचा हंगेरीशी झालेला करार त्यातल्या त्यात बरा, पण त्याचीही एक गोष्ट ऐका. १८६८ च्या करारात रिएका बंदर कुणाचं, ह्यावर एकमत झालंच नव्हतं. क्रोएशियन प्रतीत तसं लिहिलेलं होतं. मग त्या मजकुरावर कागदाची एक चिंधी चिकटवली, तिच्यावर हंगेरीला सोयीचा मजकूर. 'रिएकाची चिंधी' म्हणूनच ती क्रोएशियात ओळखली जाते. अख्खं बंदर एका गोंदाच्या बोटावर गेलं. आणि हे ते लोक, ज्यांचा सेनानी येलाचिच १८४८ मध्ये सम्राटासाठी बंडखोर हंगेरियनांशी लढला होता. तेव्हाच एक कडवट विनोद रूढ झाला होता: हंगेरियनांना जे शिक्षा म्हणून मिळालं, तेच क्रोएटांना बक्षीस म्हणून मिळालं.

सांडगी_मिरची

बिच्चारे स्लाव, दुष्ट जर्मन-हंगेरियन. चित्र जरा जास्तच स्वच्छ नाही का?

मास्तर६२

स्वच्छ कुठलं! गॅलिशिया ह्या साम्राज्याच्या ईशान्येकडच्या प्रांताकडे बघा. पोलिश सरदारांनी सम्राटाला पाठिंबा दिला आणि बदल्यात शाळा, कचेऱ्या, विद्यापीठं, सगळं पोलिशमध्ये करून घेतलं. साम्राज्यातली सर्वांत भरघोस स्वायत्तता ती. पण पूर्व गॅलिशियातले शेतकरी रुथेनियन. ते १८४८ पासून सांगत होते, की प्रांताचे दोन भाग करा. पोल ऐकेनात. १९०८ मध्ये एका युक्रेनियन विद्यार्थ्याने पोलिश राज्यपाल पोतोत्स्कीला गोळी घातली. स्वायत्तता मागताना जो बोलतो तो नैसर्गिक हक्काची भाषा, आणि मिळाल्यावर ऐतिहासिक हक्काची.

अनुस्वार

भाषेवर कुणी सविस्तर लिहील म्हणून थांबले होते. बादेनी आलाच नाही अजून!

काझिमीर बादेनी, पंतप्रधान, स्वतः पोल. ५ एप्रिल १८९७ ला त्याने हुकूम काढला, की बोहेमियात (आणि लगेच मोराव्हियातही) सरकारी कामकाज आतूनसुद्धा दोन्ही भाषांत चालेल, आणि १९०१ च्या मध्यापासून नोकरदाराला दोन्ही भाषा यायला हव्यात. कागदावर अगदी समसमान. पण शिकलेल्या प्रत्येक चेकाला जर्मन येत होतंच, जर्मन कारकुनाला मात्र चेक येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. म्हणजे हुकूम समानतेचा, पण नोकऱ्या चेकांच्या. जर्मन भडकले ते इथे. भाषेच्या अभिमानामागे पोस्टमास्तरची खुर्ची होती.

पुढचा तमाशा व्हिएन्नाच्या संसदेत. बाकांच्या फळ्या आपटणं, शिट्ट्या, दौती फेकणं. लेखर नावाचा एक सभासद सलग १२ तास बोलला. बादेनीने वोल्फ नावाच्या जर्मन सभासदाला पिस्तुलाच्या द्वंद्वाचं आव्हान दिलं आणि स्वतःच दंडात गोळी खाऊन आला. पंतप्रधान! मार्क ट्वेन तेव्हा व्हिएन्नात मुक्कामाला होता, त्याने हे सगळं लिहून ठेवलंय. शेवटी पोलिसांनी सभासदांना उचलून बाहेर काढलं, रस्त्यावर माणसं उतरली आणि नोव्हेंबरअखेर बादेनी घरी. दोन वर्षांत हुकूमही गेला.

ह्याच्या आधी १८९५ मध्ये तर एक मंत्रिमंडळ त्सेल्ये गावच्या एका शाळेपायी पडलं होतं. जर्मन शाळेत स्लोव्हेन माध्यमाच्या तुकड्या काढायच्या की नाही, एवढ्यावरून. त्या पंतप्रधानाचं नाव विंडिशग्रेट्स, वर धाग्यात तोफा डागणारा आहे त्याचा नातू.

आणि माझा सर्वांत लाडका शब्द, 'झ्दे'. म्हणजे 'इथे', आपलं 'हजर'. फौजेत हुकुमाची भाषा जर्मन, साधारण ऐंशी शब्द प्रत्येकाने पाठ करायचे, मग घरी काहीही बोला. १८९९ च्या सुमारास चेक राखीव सैनिक हजेरीला जर्मन 'हीर' ऐवजी 'झ्दे' म्हणायला लागले. एका अक्षरसमूहासाठी माणसं कोठडीत गेली, सम्राट स्वतः संतापला. त्याच्या दृष्टीने साम्राज्य शेवटी त्या ऐंशी शब्दांवरच उभं होतं.

तिरफळ

व्हिएन्नाहून हजेरी. झ्दे!

इथे दारावरच्या पाट्या वाचत चालावं: नोवाक, स्वोबोदा, द्वोर्झाक (लिहितात निराळं). शहराच्या दक्षिणेला विटांच्या भट्ट्या होत्या, तिथे राबायला बोहेमिया-मोराव्हियातून कुटुंबंच्या कुटुंबं आली. स्वयंपाकिणी, शिंपी, चांभार, सगळे तिकडचे. शिरगणतीत मात्र विचारायचे ती मातृभाषा नव्हे, 'रोजच्या वापराची भाषा'. मालक जर्मन, मुकादम जर्मन, मग रोजचा वापर कशाचा? तरीसुद्धा १ लाखाच्या आसपास लोकांनी चेक लिहिलं. न लिहिलेले किती, ते पाट्यांवरून ज्याने त्याने ताडावं.

खडीसाखर

मग हे कुणालाच कुठेच जमलं नाही का?

वाईचा_वाटसरू

जमलं, मोराव्हियात. बोहेमियात आगडोंब चालू असताना १९०५ मध्ये तिथल्या चेक-जर्मनांनी गुपचूप तडजोड केली. मतदारांच्या दोन याद्या: चेक यादीतला चेक उमेदवारालाच मत देणार, जर्मन यादीतला जर्मनालाच. प्रांतिक सभेत चेकांना ७३ जागा, जर्मनांना ४०, उरलेल्या जमीनदार वगैरेंच्या. एकमेकांची मतं पळवायचा प्रश्नच मिटला, त्यामुळे निवडणुका शांत.

पण याद्या म्हटल्या की प्रत्येकाला कुठल्या तरी एका यादीत बसावंच लागतं. आई जर्मन, बाप चेक, घरात दोन्ही, अशी माणसं मोराव्हियात हवी तेवढी होती. त्यांना कप्पा निवडायला लागला. शाळेच्या पटावरची मुलंसुद्धा 'हा आमचा' म्हणून दोन्हीकडचे ओढायला लागले. भांडण सभागृहातून उठून शाळेच्या दारात गेलं. तरी मी ह्याला यशच म्हणेन. मतदानापुरतं तरी भांडण शमलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

आता ५ हजारवाले. मासारिकही १९१४ पर्यंत साम्राज्यात सुधारणा मागणाऱ्यांतलेच, व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले. महायुद्ध पेटल्यावर ते बाहेर पडले आणि मग मात्र मोडायच्याच मागे लागले. घरी राहिलेले चेक सभासद ३० मे १९१७ लाही हाब्सबुर्ग राजवटीखालचं संघराज्यच मागत होते. फ्रान्झ योझेफनंतर आलेल्या सम्राट कार्लने ते देऊ केलं, १६ ऑक्टोबर १९१८ ला! त्यातही हंगेरीला हात न लावता. १२ दिवसांनी प्रागमध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं. आणि नव्या देशात आले ३० लाखांहून जास्त जर्मन, ज्यांना तो देश नको होता. मास्तरांच्या फळ्यावरचं गणित पुन्हा पहिल्यापासून.

मास्तर६२

त्यावर वेगळा धागा काढा. १९३८ पर्यंत, म्हणजे हिटलरपर्यंत जाईल आणि माझं रक्तदाबाचं औषध संपेल.

वाईचा_वाटसरू

धागा वर काढतोय. शनिवारी क्रोम्येर्झीशला जाऊन आलो. हुलीनला गाडी बदलावी लागते, मग पुढे इवलीशी लोकल. वाड्यातलं ते सभागृह पाहिलं. पांढरंशुभ्र, सोनेरी नक्षी, मोठमोठी काचेची झुंबरं, आणि खाली लाकडी जमीन इतकी गुळगुळीत, की बुटांवर कापडी खोळ चढवून चालावं लागलं. सगळे पाहुणे बर्फावर घसरल्यासारखे सरकत होते. हिवाळाभर इथे माणसं कलमावार भांडली असतील, हे त्या झुंबरांखाली खरं वाटत नाही.

आत शिरताना तिकिटासाठी मुद्दाम हजाराची नोट दिली. खिडकीतल्या बाईंना मागची बाजू दाखवली, म्हटलं हा बघा तुमचाच वाडा. त्यांनी चष्म्यावरून एकदा नोटेकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सुट्टे नाहीत का?"